टायरलाही ऋतू असतो

गेल्या जूनमध्ये सांगली रस्त्यावर, हातकणंगल्याच्या थोडं अलीकडे, आमच्या गाडीचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं आणि टायरवर साबणाचं पाणी मारून तो बुडबुडे शोधू लागला. टायरच्या खाचांत वाटेवरच्या शेतातली काळी माती गच्च बसली होती. काहीतरी करायचं म्हणून मी अंगठ्याने टायरच्या बाजूवरचा चिखल पुसला, तर खाली अक्षरं निघाली: एम, मग अधिकचं चिन्ह, मग एस. पंक्चरवाल्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ते कंपनीचं काय तर असतंय." त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मला मात्र ती अक्षरं ओळखीची होती. पाच-सहा महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याने त्यांचाच फोटो मला कॅनडातून पाठवला होता.

एम म्हणजे मड, एस म्हणजे स्नो. चिखल आणि बर्फ. हातकणंगल्यातल्या टायरवर आणि टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या टायरवर एकच ग्वाही कोरलेली. तेव्हापासून ती ग्वाही माझ्या डोक्यातून जात नाही.

भाच्याची गोष्ट अशी. तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर त्याने एक वापरलेली गाडी घेतली. टायर चांगले होते, नक्षी भरपूर शिल्लक होती, प्रकार 'ऑल-सीझन परफॉर्मन्स'. सगळ्या ऋतूंचे, शिवाय दमदार. आणखी काय हवं? नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला बर्फ पडला. सिग्नलला त्याने नेहमीसारखा ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होतं, पण गाडी शांतपणे पुढे जात राहिली आणि पुढच्या गाडीच्या बंपरला जाऊन टेकली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. रात्री फोनवर म्हणाला, "मामा, ब्रेक लागतोय, पण गाडी थांबंना. माझा हात एवढा बसलाय, आषाढात आंबा घाट उतरलोय मी, आणि इथं सपाट रस्त्यावर माझं काही चालंना."

त्याचा हात खरोखर बसलेला आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. गाडी चालवणं म्हणजे हात बसणं, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. पण ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगपर्यंत पोचतो. रस्त्यापर्यंत पोचतो तो फक्त टायर, तोही प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढ्या जागेपुरता. त्या चार तळहातांना रस्ता पकडता येतो की नाही, हे रबर ठरवतं. आणि रबराला ऋतू असतो.

रबर तापलं तर मऊ होतं, थंड झालं तर ताठरतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती शोधली, तिच्यामुळे उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारं कच्चं रबर वापरण्याजोगं झालं. तरी रबराचा थंडीतला स्वभाव पुरता गेला नाही. 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं. त्याच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून सोडला. तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. थंडीत रबर दाबलेलं तसंच राहतं, हे त्याने टेबलावर एका पेल्यात दाखवून दिलं. टायरचंही असंच आहे. रस्त्याच्या बारीक खडबडीत अंगात शिरायचं आणि लगेच परत यायचं, यालाच आपण पकड म्हणतो. गारठलेलं रबर शिरतही नाही आणि परतही येत नाही.

थंड देशांत यासाठी साधारण 7 अंश सेल्सिअस ही खूण धरतात. तापमान त्याखाली गेलं की उन्हाळी रबराची पकड ढासळू लागते, बर्फ पडलेला असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर मुळातच वेगळं असतं. त्यात सिलिका भरपूर असते आणि ते उणे तापमानातही लवचीक राहतं. ऑल-सीझनचं रबर या दोहोंच्या मधलं. उन्हाळ्यात झिजू नये म्हणून थोडं कडक, हिवाळ्यात चालावं म्हणून थोडं मऊ. हातकणंगल्यात पौषातल्या पहाटे आपण शेकोटी करतो, पण पारा 7 पर्यंत क्वचितच उतरत असेल. त्यामुळे हा धडा आपल्याला कुणी दिलाच नाही. आपली रबराची तक्रार उलटी आहे: वैशाखात डांबर पाघळतं आणि भरलेल्या ट्रकचे टायर फुटतात.

आता 'परफॉर्मन्स' या शब्दाकडे या. वळणावर गाडी हलू नये, वेगात स्टिअरिंग नेमकं चालावं, यासाठी अशा टायरच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि ताठ ठेवतात, टायर रुंद करतात, बाजूची भिंत बुटकी करतात. कोरड्या रस्त्यावर याचं सुख काय असतं, हे मोकळ्या पुणे-बंगळूर महामार्गावर कुणीही अनुभवावं. बर्फाला मात्र याच्या उलट हवं असतं. तिथे ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा लागतात. चाक फिरताना त्या चिरा उघडतात आणि प्रत्येकीची कड बर्फात रुतते. त्या उघडायच्या तर ठोकळा लवायला हवा. ताठ ठेवला तर त्या मिटलेल्याच राहतात. रुंद टायर बर्फाच्या मऊ थरावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली जातो. म्हणजे भाच्याच्या टायरच्या नावातला पहिला शब्द त्याला हिवाळ्याकडे ओढत होता आणि दुसरा हिवाळ्यापासून दूर. कारखान्यात या ओढाताणीचा मेळ घालावा लागतो, आणि मेळ घालताना बहुतेक वेळा बर्फाची बाजू पडती ठेवली जाते. वर्षातले कोरडे आणि ओले दिवस जास्त असतात, आणि गिऱ्हाईक टायर घेतं तेही अशाच दिवसांत.

माझा खरा आक्षेप आहे तो त्या दोन अक्षरांवर, चिखल आणि बर्फ एका दमात म्हणण्यावर. चिखल काय असतो, हे हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्याला राडा म्हणतात. काळ्या रानातून ट्रॅक्टर बाहेर येताना बघा. मागच्या टायरचे दाते तिरपे, उलट्या बाणासारखे मांडलेले असतात, आणि दोन दात्यांमध्ये बोटं जातील एवढी मोकळी जागा असते. चाक फिरलं की त्या जागेतला राडा मागे फेकला गेला पाहिजे, तरच पुढच्या फेऱ्यात दाता नव्या मातीत रुततो. राडा बसून राहिला की दाते दिसेनासे होतात, टायर गुळगुळीत गोळा होतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून भाताच्या चिखलणीला लोखंडी केजव्हील लावतात. चिखलातल्या टायरचा गुण एकच, टाकून देणं.

बर्फात हेच उलटं होतं. ताजा बर्फ दाबला की घट्ट होतो आणि बर्फाला बर्फ चिकटतो. लहान मुलं बर्फाचा गोळा वळतात तो याच जोरावर. चांगला हिवाळी टायर आपल्या खाचांत थोडा बर्फ दाबून धरतो, आणि तो धरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला पकडतो. रबरापेक्षा बर्फाचीच बर्फावर पकड जास्त असते. म्हणजे बर्फातल्या टायरने धरून ठेवायचं आणि चिखलातल्या टायरने टाकून द्यायचं. या दोन कामांना एकच शिक्का पुरतो, असं म्हणणाऱ्याने एकदा चोकाकच्या शिवारात पावसाळ्यात उभं राहावं आणि एकदा मिसिसागात जानेवारीत.

बरं, हा शिक्का कशावर मिळतो? खाचांची रुंदी, खोली आणि एकूण मोकळी जागा किती, या मापांवर. बर्फावर टायर चालवून बघायची अट त्यात नाही. त्यामुळे एम+एस हे टायरच्या रूपाचं वर्णन झालं, गुणाचा दाखला नव्हे. 1977 मध्ये गुडइयर कंपनीने अमेरिकेत 'टिएम्पो' नावाचा ऑल-सीझन रेडियल टायर आणला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट गेली म्हणून तो लोकांना आवडला. सोय खरी होती, यात शंका नाही. पण सोय आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हळूहळू विसरलं गेलं. शेवटी 1999 मध्ये वेगळं चिन्ह आणावं लागलं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे चिन्ह हवं तर टायर प्रत्यक्ष बर्फावर चालवून, ठरलेल्या नमुना टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीने तर कायदाच बदलला. 2018 पासून तयार झालेल्या टायरवर डोंगराचं चिन्ह नसेल तर तो हिवाळी धरला जात नाही, आणि 30 सप्टेंबर 2024 नंतर नुसत्या एम+एसची जुनी सवलतही संपली. ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरची खाच 4 मिलीमीटरहून कमी झाली की कायद्याने तो हिवाळी टायर उरत नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भाचा राहतो त्या ओंटारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत द्यावी, असा नियम 2016 पासून आहे. पैसे मोजणाऱ्या विम्याच्या धंद्यातही फरक मान्य झाला, एवढं मला पुरेसं वाटतं.

हिशेब कुणालाही करता येतो. ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर साधारण 14 मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक 0.2 धरला तर तिला 49 मीटर लागतात. हिवाळी टायरने तो 0.3 पर्यंत नेला तर 33. गुळगुळीत गोठलेल्या थरावर, जिथे तो 0.1 वर येतो, 98 मीटर. मधल्या दोन आकड्यांतला फरक 16 मीटरचा आहे. उसाचा ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या रस्त्यावर जेवढी जागा घेतात, साधारण तेवढा. भाच्याच्या पुढची गाडी त्या 16 मीटरमध्येच उभी होती.

भाच्याने माझ्याशी वाद घातला आणि तो ऐकण्यासारखा होता. तो म्हणाला, इथले कितीतरी लोक वर्षानुवर्षं ऑल-सीझनवरच हिवाळा काढतात. खरं आहे. पण त्यांच्या रस्त्यावर पहाटेच बर्फ ढकलणारी गाडी फिरून गेलेली असते आणि मागे मीठ पसरलेलं असतं. बर्फ वितळवण्याचं काम मीठ करतं आणि श्रेय टायरला मिळतं. उणे 10 च्या आसपास साध्या मिठाचाही जोर संपतो, आणि ज्या सकाळी बर्फ ढकलणारी गाडी पोचली नाही, त्या सकाळी टायर एकटा पडतो. मग तो म्हणाला, पुढची गाडी चारही चाकं ओढणारी घेतो. चार चाकांची ओढ गाडी हलवायला आणि चढ चढायला फार मोलाची आहे. थांबताना मात्र तिचा उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. सुरळीत निघालेल्या माणसाला रस्ता बरा आहे असं वाटतं आणि तो वेग वाढवतो, हा धोका वेगळाच.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नव्या देशात घरभाडं आणि कर्जाचे हप्ते सुरू असताना आणखी चार टायर घेणं जड जातं. पण हिवाळ्यात दुसरे टायर चालले की पहिल्यांची झीज त्या चार-पाच महिन्यांत थांबते. दोन जोड्या मिळून जास्त वर्षं टिकतात. ज्याला तेही परवडत नाही त्याने निदान डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला, बारमाही वापराचा टायर घ्यावा. तोही तडजोडीचाच, पण ती तडजोड बर्फावर तपासलेली आहे. भाच्याने अखेर फेब्रुवारीत हिवाळी टायर घेतले. डिसेंबरात घ्यायला हवे होते, हे त्यानेच म्हटलं.

आपल्या देशातही बर्फ आहे आणि आपली माणसं तिथे असतात. कोल्हापूर जिल्ह्यात फौजेतला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. लडाखात लष्कराचा ट्रक चालवून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या काकांना मी विचारलं, तर त्यांनी टायरच्या नावाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "चेन गाडी अडकल्यावर घालायची नसते, अडकायच्या आधी घालायची. अडकल्यावर बोटं चालत नाहीत." 3 ऑक्टोबर 2020 ला रोहतांगखालचा 9 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीपलीकडचा बर्फ पर्यटकांच्या हाताशी आला. 2024 च्या डिसेंबरात त्या बोगद्याच्या तोंडाशी बर्फ पडला आणि शेकडो गाड्या अडकल्या. आपल्याकडचीही पोरं आता स्वतःच्या गाडीने मनालीला जातात, बाजूला एम+एस छापलेल्या टायरवर. त्यांना माझं सांगणं एवढंच, त्या अक्षरांवर मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे जाऊ नका.

पण मिसिसागा आणि मनालीबद्दल बोलताना स्वतःच्या दाराकडे बघायला हवं. 'सर्व ऋतूंचा' टायर आपणही वापरतो, फक्त आपण तसं म्हणत नाही. एकदा बसवलेला टायर वैशाखाच्या तापल्या डांबरावर चालतो, मृगात पाण्यातून चालतो आणि गळीत हंगामात रस्त्यावर सांडलेल्या राड्यावर चालतो, कापडाचा धागा दिसेपर्यंत. आपला बर्फ हा असा आहे. वळवाच्या पहिल्या सरीत वर्षभराचं सांडलेलं तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर होतो, तो बर्फाच्या जवळचा नातेवाईक आहे. नोव्हेंबरपासून हुपरीचा जवाहर, नरंद्याचा शरद, गंगानगरचा पंचगंगा हे कारखाने सुरू झाले की ओल्या रानातून निघणारी ट्रॉली चाकांना लागलेली काळी माती शे-दोनशे मीटर डांबरावर सोडत जाते. पहाटे दव पडलं की मोटारसायकलवाल्याला ती दिसतही नाही.

पाण्याचा हिशेबही साधा आहे. टायरच्या खाचा पाणी बाहेर काढतात. त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर उचलला जातो, आणि मग स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही हवेत. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी 1963 मध्ये विमानांच्या टायरवरून यासाठी एक सूत्र मांडलं. ते गाडीला लावलं तर 32 पीएसआय हवेच्या टायरसाठी तरंगण्याचा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो, आणि हवा 20 वर आली असेल तर 75 च्या आत. म्हणजे महिनोन्महिने हवा न तपासणारा माणूस स्वतःच्या हाताने धोका जवळ आणतो. आपल्या मोटार वाहन नियमांत खाचेची किमान खोली ठरलेली आहे: दुचाकी-तिचाकीला 0.8 मिलीमीटर, बाकीच्यांना 1.6. ही शेवटची रेघ आहे. पावसाळी रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी, 3 मिलीमीटरच्या सुमाराला घसरायला लागते.

हे तपासायला गॅरेजची गरज नाही. मोटारीच्या टायरच्या खाचेत बोट घातलं की तळाशी लहानशी आडवी पट्टी लागते. नक्षी झिजत त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, तेव्हा तो तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षांच्या उन्हाने रबर वाळतं आणि भिंतीला बारीक भेगा पडतात. त्या दिसल्या तर नक्षीवर भरवसा ठेवू नका.

साखर कारखान्यांना माझी विनंती आहे. बॉयलर पेटवण्याच्या आधी ऊस वाहतुकीचे करार होतात, तेव्हाच ट्रॉलीच्या टायरची खाच आणि हवा तपासा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह धरता, तसाच हाही धरा. शेतकऱ्यांनी रानातून डांबरावर चढण्याच्या जागी मुरूम किंवा पाचटाचा थर टाकला आणि सांडलेला राडा फावड्याने बाजूला ओढला, तर मागून येणाऱ्या कुणाच्या तरी मुलाची मोटारसायकल घसरणार नाही. आणि बाकी आपण सगळे खंडेनवमीला गाड्या धुतो, हळद-कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा लिंबू ठेवायला खाली वाकाल तेव्हा एक बोट टायरच्या खाचेत घालून बघा. आणि हेच पुन्हा एकदा, मृग लागायच्या आधी करा.